आरशात बघून पहिलं आत्मचित्र : साहित्यापासून व्हार्निशपर्यंत

व्यक्तिचित्र शिकायचं म्हटलं की पहिली अडचण येते समोर बसणाऱ्या माणसाची. घरचे दहा मिनिटांत कंटाळतात, मित्र मोबाइलकडे बघत मान खाली घालतात, आणि पैसे देऊन मॉडेल बसवणं सगळ्यांना परवडत नाही. व्हॅन गॉगचंही हेच होतं. मॉडेलला द्यायला पैसे नव्हते म्हणून त्यानं एक बरा आरसा विकत घेतला आणि स्वतःलाच समोर बसवलं. १८८६ ते १८८९ या काळात त्यानं ३५ हून जास्त आत्मचित्रं केली.

मी नोकरी सांभाळून, आरशासमोर बसूनच व्यक्तिचित्र शिकले. थोडंफार रेखाटन येतं, वस्तुचित्रं केली आहेत, पण चेहऱ्याला हात घालायची भीती वाटते, अशांसाठी हे लिहिते आहे. माध्यम तैलरंग धरलं आहे, कारण चुकलेलं पुसता येतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यावर काम करता येतं.

एक गोष्ट आधीच सांगते. चेहऱ्यातलं साम्य मोजमापातून येतं, ते कुणालाही सरावानं जमतं. पण चित्रात नेमकं कोण बसलं आहे, हे उजेड, कपडे, कातडीचा रंग आणि नजर यांबद्दल तुम्ही काय ठरवता त्यावर अवलंबून असतं. तुम्ही ठरवलं नाही तर सवय ठरवते, आणि आपल्याकडची सवय चेहरा गोरा, गुळगुळीत आणि प्रसन्न करून टाकण्याची आहे. फोटो स्टुडिओतून ती लागली आणि आता मोबाइलनं पक्की केली.

साहित्य

- सपाट आरसा, किमान १२ × १८ इंच
- इझल, नसेल तर खुर्चीच्या पाठीला टेकवलेला ड्रॉइंग बोर्ड
- कॅनव्हास, १२ × १६ किंवा १६ × २० इंच. यापेक्षा मोठा घेऊ नका
- चारकोलच्या काड्या, मळून वापरायचा खोडरबर, जुनं मऊ फडकं
- रंग : टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, कॅडमियम रेड लाइट, अलिझरिन क्रिमझन, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरिन ब्लू
- हॉग हेअरचे (डुकराच्या राठ केसांचे) सपाट ब्रश तीन-चार (२, ६, ८ आणि १० नंबर), एक बारीक मऊ ब्रश
- जवसाचं तेल, टर्पेंटाइन, झाकणाची काचेची बरणी
- ओळंबा : दोऱ्याला बांधलेला नटबोल्टही चालतो
- खुर्चीची जागा आखायला खडू किंवा चिकटपट्टी

‘फ्लेश टिंट’ नावाची ट्यूब विकत घेऊ नका. का, ते सातव्या पायरीत येईल.

१. आरसा निवडा, मोबाइल लांब ठेवा

आरसा सपाट आहे का, हे बघायला त्यात खिडकीचे गज दिसतील असे उभे राहा आणि डोकं हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा. गज कुठे वाकडे झाले तर तो आरसा नको. कपाटाच्या दाराला लावलेले पातळ आरसे बऱ्याचदा असे लचकलेले असतात.

मोबाइलच्या सेल्फीवरून चित्र का करू नये? हात लांब करून काढलेल्या फोटोत कॅमेरा चेहऱ्यापासून जेमतेम दोन फुटांवर असतो. इतक्या जवळून नाक मोठं दिसतं आणि कान मागे सरतात. आरशापासून तीन फुटांवर बसलात तर तुम्ही स्वतःला सहा फुटांवरून बघत असता, कारण प्रतिमा आरशाच्या मागे तेवढ्याच अंतरावर असते. समोरच्या खुर्चीत बसलेला माणूस तुम्हाला साधारण एवढ्याच अंतरावरून बघतो. शिवाय बरेच मोबाइल न विचारताच कातडी उजळ आणि सपाट करून टाकतात. ज्या खुणांवरून तुम्ही ओळखू येता, नेमक्या त्याच तिथे गायब होतात.

बसण्याआधी एक प्रयोग कराच. एक डोळा मिटा आणि आरशावर साबणाच्या वडीनं आपल्या डोक्याची बाह्यरेषा काढा. ती रेषा खऱ्या डोक्याच्या बरोबर निम्मी भरेल. मागे-पुढे सरकून पुन्हा काढलीत तरी निम्मीच. आपण रोज स्वतःला बघतो आणि हे आयुष्यभर लक्षात येत नाही. आपल्या चेहऱ्याबद्दलची ‘माहिती’ किती भरवशाची आहे, हे त्या साबणाच्या रेषेवरून कळतं.

२. उजेड एकच हवा

खिडकीतून येणारा उजेड आणि वरची ट्यूबलाइट एकत्र लावू नका. दोन बाजूंनी उजेड पडला की छाया एकमेकींना मारतात आणि चेहरा पुरीसारखा सपाट दिसतो.

पुस्तकांत उत्तरेची खिडकी घ्या म्हणून लिहिलेलं असतं. तो सल्ला बाराही महिने लागू पडत नाही. आपल्याकडे मार्चअखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतूनही तिरीप आत येते. खिडकीला पांढरं सुती कापड लावा, किंवा मधले तास धरा. पावसाळ्यातला ढगाळ उजेड व्यक्तिचित्राला फार चांगला, फक्त रंग वाळायला वेळ लागतो.

संध्याकाळीच वेळ मिळत असेल तर एक दिवा घ्या, ९० च्या वर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) असलेला, आणि तो डोळ्यांच्या पातळीच्या वर, थोडा एका बाजूला ठेवा. चित्रावर उजेड पडायला दुसरा लहान दिवा लागेल. त्याचा झोत चेहऱ्यावर येणार नाही असा वळवा.

एकाच दिव्यानं काय होऊ शकतं ते बघायचं असेल तर सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ बघा. म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते जलरंगात केलेलं आहे. अनेक लोक ते राजा रविवर्म्याचं समजतात. चित्रातल्या बाईनं हातातल्या दिव्याची ज्योत तळव्यानं झाकली आहे, तरी सगळा चेहरा त्याच उजेडानं घडलेला आहे.

३. बसायची जागा कायम करा

आरसा आणि कॅनव्हास शेजारी-शेजारी ठेवा, म्हणजे मान न हलवता फक्त नजर एकाकडून दुसऱ्याकडे जाईल. उजव्या हातानं काम करणाऱ्यांनी कॅनव्हास उजवीकडे आणि आरसा डावीकडे ठेवावा. चेहरा आपोआप थोडा तिरका दिसेल, आणि पहिल्या चित्राला तेच सोपं जातं. नाकाचा उंचवटा समोरून दाखवणं फार अवघड.

खुर्चीच्या चारही पायांभोवती खडूनं खुणा करा. आरशातल्या डाव्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर एक बारीक टिकली चिकटवा. आपल्याकडच्या बहुतेक आरशांवर एखाददुसरी असतेच! प्रत्येक विश्रांतीनंतर डोळा त्या टिकलीवर आणून बसायचं. एवढं केलं नाही तर डोकं दर वेळी अर्धा इंच इकडेतिकडे जातं आणि चित्रात दोन वेगळ्या माणसांचे डोळे उमटतात.

चष्मा लावणाऱ्यांसाठी : नेहमी लावत असाल तर चष्म्यासकटच चित्र करा, कारण लोक तुम्हाला तसेच ओळखतात. उणे नंबरच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते. ती जशी दिसते तशीच काढा, ‘दुरुस्त’ करू नका. प्रोग्रेसिव्ह काच (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) असेल तर हनुवटी वर-खाली होत राहते. फक्त लांबचा एक नंबर असलेला जुना चष्मा असल्यास तो वापरून बघा.

४. अंगावर आणि हातात काय, हे आधी ठरवा

ही पायरी लोक सोडून देतात आणि मग जो टी-शर्ट घातलेला असेल तो चित्रात येतो. कपडा हा तुमच्याबद्दलचा जबाब आहे. १५०० साली जर्मन चित्रकार अल्ब्रेश्ट ड्यूररनं २८ व्या वर्षी स्वतःला केसाळ कॉलरचा कोट घालून, अगदी समोरून, दोन्ही बाजू सारख्या ठेवून रंगवलं. त्या काळात असं समोरून चित्र ख्रिस्ताचं काढत. कारागीर समजल्या जाणाऱ्या माणसानं स्वतःची जागा कुठे आहे ते त्यातून सांगितलं. फ्रिडा काहलो मेक्सिकोतल्या तेहुआना बायकांचा पोशाख घालून बसली. अमृता शेरगिलनं १९३४ साली स्वतःला ताहितीची स्त्री म्हणून रंगवलं, पॅरिसमध्ये शिकत असताना. हंगेरियन आई आणि शीख वडिलांच्या या मुलीनं तिथल्या लोकांच्या नजरेला दिलेलं ते उत्तर आहे, असं मला ते चित्र बघताना वाटतं.

तुम्हाला एवढं मोठं काही करायचं नाही. तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. घरच्यांना मी कशात ओळखीची वाटते? मला स्वतःला कशात मोकळं वाटतं? आणि कोणती गोष्ट मी लपवायला बघते आहे? तिसऱ्याचं उत्तर चित्रात येऊ द्यायचं की नाही, हा तुमचा अधिकार आहे. पण कोड, जखमेचा व्रण, पिकलेले केस, दातांची ठेवण यांपैकी काही गाळायचं असेल तर ते ठरवून गाळा. नकळत गाळलं की साम्य जातं, आणि कुठून गेलं ते सापडत नाही.

प्रतीकांची गर्दी मात्र करू नका. मागे पुस्तकं, शेजारी वीणा, खिडकीत सह्याद्री असं सगळं भरलं की चेहऱ्याचं काम कमी होतं. पहिल्या चित्रात एकच वस्तू पुरे, तीही तुमच्या रोजच्या हाताळणीतली. पार्श्वभूमीला साधं, मळकट रंगाचं कापड टांगा.

५. चारकोलनं मांडणी

कॅनव्हासला आधी बर्न्ट अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फडक्यानं पुसून घ्या आणि वाळू द्या. पांढऱ्या कॅनव्हासवर सावळा रंग नेहमी गडद वाटतो आणि आपण तो विनाकारण उजळवत बसतो.

मग डोक्याचा टाळूपासून हनुवटीपर्यंतचा वरचा-खालचा टोकबिंदू नक्की करा. खऱ्यापेक्षा जरा लहान, सात-साडेसात इंच, ठेवा. डोळे या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. नवशिक्यांची सगळ्यात ठरलेली चूक म्हणजे डोळे वर चढवणं. आपलं लक्ष डोळे-नाक-ओठ यांवरच असतं, त्यामुळे कपाळ आणि डोक्याचा मागचा भाग आखूड होतो. मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

मोजायचं असं : ब्रशचा दांडा आरशासमोर हात ताठ ठेवून धरा, एका डोळ्याची रुंदी अंगठ्यानं पकडा, आणि तीच रुंदी दोन डोळ्यांमधल्या अंतराशी, नाकपुड्यांशी, तोंडाशी ताडून बघा. पुस्तकातलं ‘चेहरा पाच डोळे रुंद’ हे प्रमाण सरासरीचं आहे. तुमचा चेहरा त्यापासून जिथे ढळतो, तिथेच तुम्ही आहात. ओळंबा धरून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली नाकपुडी कुठे येते, बुबुळाखाली ओठाचा कोपरा कुठे येतो ते बघा.

पापण्या, भुवयांचे केस, तीळ यांतलं काहीही या टप्प्यात काढायचं नाही.

६. छायेचे दोनच भाग करा

डोळे किलकिले करा. बारीकसारीक तपशील विरतात आणि चेहरा उजेड व छाया अशा दोन तुकड्यांत दिसतो. छायेचा तुकडा चारकोलनं सलग भरा : डोळ्याची खोबण, नाकाची बाजू, वरच्या ओठाखालची पट्टी, हनुवटीखालून मानेपर्यंत, मध्ये न तोडता. इथे दहा फूट मागे जाऊन बघितलं आणि तुमच्या माणसांपैकी कुणी ओळखलं, तर मांडणी झाली. ओळखलं नाही तर रंगाला हात लावू नका, मोजमाप पुन्हा करा. रंगानं साम्य येत नाही.

जमलं की चारकोल फडक्यानं हलकं झटका आणि त्याच रेषा पातळ अंबरनं पक्क्या करा.

७. कातडीचा रंग

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

‘फ्लेश टिंट’ हा फिकट गुलाबी रंग युरोपियन कातडीच्या कल्पनेवर बेतलेला आहे. त्यात तपकिरी मिसळून आपल्या कातडीपर्यंत यायला गेलात तर मातकट लगदा होतो. उलट बाजूनं या. यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि थोडा कॅडमियम रेड यांचा एक मधला रंग करा, अल्ट्रामरिनचा कण टाकून त्याची झळाळी उतरवा. पॅलेट-नाइफच्या टोकावर तो घेऊन मनगटाशेजारी धरा, खिडकीच्या उजेडात. जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. हा तुमचा मधला टोन, म्हणजे ना फार उजळ ना फार गडद. छाया आणि उजेड दोन्ही त्याच्यापासून निघतील.

छायेसाठी बर्न्ट अंबर, अलिझरिन आणि अल्ट्रामरिन, पातळ थरात. काळा रंग नको, त्यानं कातडी निर्जीव होते.

उजेडासाठी सगळे पांढरा ओततात, आणि सावळा चेहरा राखेसारखा पिठूळ होतो. आधी ऑकर वाढवा, मग अगदी थोडा पांढरा. सावळ्या आणि काळ्या कातडीवर खिडकीचा उजेड थेट परावर्तित होतो, म्हणून कपाळ, नाकाचा शेंडा, गालाचं हाड इथली चमक थंड, निळसर करडी दिसते. ती मोजक्या ठिकाणी, ठळक ठेवा. उजेडाचा बाकीचा भाग रुंद असला तरी त्याचा टोन मधलाच असतो. कपाळ जरा पिवळसर, गाल-नाक-कान लालसर, हनुवटी आणि दाढीचा भाग निळसर-हिरवट, हा ढोबळ नियम आपल्या कातडीलाही लागू पडतो. डोळ्यांखालचा जांभळट तपकिरी रंग ‘काळी वर्तुळं’ म्हणून पुसू नका. अनेकांचा तो जन्माचा रंग असतो.

आंतोनियो शावियर त्रिंदाद यांची चित्रं यासाठी जरूर बघा. गोव्यात सांग्याला १८७० मध्ये जन्मलेले हे चित्रकार जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि तिथे शिकवायलाही होते. त्यांचा मोठा संग्रह पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेकडे आहे. सातारा जिल्ह्यातल्या औंधचं श्री भवानी संग्रहालय आणि दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयातली शेरगिलची दालनंही अशीच. चित्रापासून हातभर अंतरावर उभं राहून, गालावर नेमके कोणते रंग शेजारी-शेजारी ठेवले आहेत ते वहीत लिहून घ्या.

८. थर

पहिला थर टर्पेंटाइननं पातळ, पुढचे थर तेलाचं प्रमाण वाढवत. उलट केलंत तर वरचा थर आधी वाळतो आणि पुढे तडे जातात. मोठ्या ब्रशनं मोठे भाग आधी. बारीक ब्रश शेवटच्या बैठकीशिवाय हातात घेऊ नका. एक बैठक दोन तासांपेक्षा जास्त नको, दर अर्ध्या तासानं उठा.

नजरेबद्दल सावध राहा. आरशात टक लावून बघताना कपाळाला आठ्या पडतात, ओठ आवळले जातात, आणि आत्मचित्रातला माणूस रागावलेला दिसतो. डोळे आणि तोंड रंगवण्याआधी आरशापासून नजर काढा, खोल श्वास सोडा, मग वर बघा. पहिल्या दोन-तीन सेकंदांत दिसतो तो चेहरा रंगवायचा. मुद्दाम हसायचं मात्र नाही. धरून ठेवलेलं हसू अर्ध्या तासात दात विचकल्यासारखं होतं. डोळ्यांतलं पांढरं शुद्ध पांढरं नसतं, वरच्या पापणीची छाया त्यावर असते.

धोक्याची सूचना : जवसाचं तेल पुसलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ती आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. ती पाण्यात भिजवून मग टाका. टर्पेंटाइन मोरीत ओतायचं नाही. बरणीत गाळ खाली बसू द्या आणि वरचं पुन्हा वापरा. खिडकी उघडी ठेवा, खाण्याआधी हात धुवा.

९. डाव्या-उजव्याचा निर्णय

आरशातली प्रतिमा उलटी. व्हॅन गॉगनं जानेवारी १८८९ मध्ये पट्टी बांधलेल्या कानाचं चित्र केलं, त्यात जखम उजव्या कानाला दिसते. कापलेला कान डावा होता. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या, लंडनमधल्या केनवुड हाउसमध्ये असलेल्या आत्मचित्राचा क्ष-किरण काढला तेव्हा दिसलं की त्यानं पॅलेट आणि ब्रश आधी आरशात दिसतात तशा हातांत काढले होते, नंतर बदलले.

आपल्याकडे हा प्रश्न हाताच्या पलीकडे जातो. डाव्या खांद्यावरचा पदर चित्रातल्या बाईच्या उजव्या खांद्यावर येतो, डाव्या नाकपुडीतली नथ किंवा चमकी उजव्या नाकपुडीत जाते, जानवं आणि सदऱ्याची बटणपट्टी फिरते, भांग बाजू बदलतो. पदर आणि नथ उलट दिसली की घरातल्या बायकांच्या लगेच लक्षात येतं. माझा सल्ला : चेहऱ्यात काही फिरवू नका, आरसा दाखवतो तेच ठेवा, नाहीतर उजेड आणि ठेवण दोन्ही बिघडतील. पदर हवा तसा दिसायचा असेल तर बसतानाच उजव्या खांद्यावर घ्या. कपड्यांवर अक्षरं नकोत.

घरचे म्हणतील, “छान आहे, पण काहीतरी वेगळं वाटतंय.” त्यांना तुमचा न उलटलेला चेहरा माहीत असतो, तुम्हाला उलटलेला. घाबरून ओठ-डोळे बदलायला घेऊ नका. आधी त्यांना चित्र हातआरशात दाखवा. तिथेही वेगळं वाटलं तरच मोजमाप तपासा. “जरा उजळ कर ना” ही सूचना मात्र ऐकायची नाही, सांगणारं माणूस कितीही जवळचं असो.

१०. शेवटची कामं

तपशील घालून घालून चित्र मरतं, म्हणून दोन बैठकांत काहीच महत्त्वाचं बदललं नाही की थांबा. चित्र भिंतीकडे तोंड करून आठवडाभर ठेवा आणि मग एकदा बघा.

वाळवताना हवा खेळती हवी. पावसाळ्यात कॅनव्हास ओलसर भिंतीला टेकवलात तर मागून बुरशी धरते. मध्ये दोन लाकडी पट्ट्या ठेवा. व्हार्निश किमान सहा महिन्यांनी, थर जाड असतील तर वर्षानं. तोपर्यंत काच लावू नका आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळू नका.

कॅनव्हासच्या मागे नाव, महिना-वर्ष, त्या वेळचं वय आणि वापरलेले रंग लिहा. ड्यूररनं १४८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी केलेल्या आत्मचित्रावर, हे आरशात बघून काढलं अशी नोंद करून ठेवली आहे. तीच पद्धत तुम्हीही पाळा, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच खिडकीशी, त्याच मापाच्या कॅनव्हासवर दुसरं चित्र सुरू करा.